अडीच हजारच का? नदीत पोहण्याच्या एका आकड्याचा इतिहास

आरआरसीच्या मुलाखतीत मला विचारलेला सगळ्यात छोटा प्रश्न तीन शब्दांचा होता. "अडीच हजारच का?"

माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी मोठ्या रुबाबात लिहिलं होतं की नदीवर पोहणं, होडी, राफ्टिंग करणाऱ्यांसाठी पाणी सुरक्षित आहे का ते मी तपासणार. पद्धत सरळ होती. नमुने घ्यायचे, फीकल कोलिफॉर्म म्हणजे विष्ठेतून येणारे जिवाणू मोजायचे, आणि १०० मि.लि. पाण्यात ते २,५०० पेक्षा कमी भरले की 'सुरक्षित', जास्त भरले की 'असुरक्षित'. मी उत्तर दिलं, "सर, ते केंद्र सरकारचं मानक आहे." ते म्हणाले, "ते मलाही माहीत आहे. पण असे आकडे येतात कुठून? कुठलं पाणी, कोणती माणसं?" मी गप्प. माझे गाईड पंख्याकडे बघत बसले. शेवटी सिनॉप्सिस मंजूर झाला, पण एका अटीवर: मानकांच्या इतिहासाचं एक प्रकरण जोडा.

खरं सांगते, मला राग आला होता. मी पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी, मला इतिहासाचं प्रकरण कशाला? पण त्या प्रकरणानं माझं दीड वर्ष खाल्लं आणि आज थीसिसमधलं माझं सगळ्यात आवडतं प्रकरण तेच आहे. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलाय, त्यांच्यासाठी ते इथे मोकळेपणानं सांगते.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. नदीची 'सुरक्षितता' म्हणताना आपण दोन प्रश्न एकत्र करतो. पहिला प्रश्न बुडण्याचा. आम्ही लहानपणी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकलो. डोह कुठे आहे, भोवरा कुठे पडतो, पाणी कधी चढतं, हे घाटावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला तोंडपाठ असायचं. आज कोलाडला कुंडलिकेवर वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यात राफ्टिंग चालतं. तिथे लाइफ जॅकेट असतं, हेल्मेट असतं, प्रवाहाच्या अवघडपणाची १ ते ६ अशी प्रतवारी असते. हा धोका डोळ्यांना दिसतो. दुसरा प्रश्न पोटात जाणाऱ्या पाण्याचा. तो दिसत नाही, म्हणून तिथे आकडा लागतो. ही पोस्ट त्या आकड्याबद्दल आहे.

आकडा कशाचा, तेही थोडक्यात पाहू. थिओडोर एशेरिश यांनी १८८५ मध्ये अर्भकांच्या विष्ठेतून एक जिवाणू वेगळा केला. आज आपण त्याला ई. कोलाय म्हणतो. पुढे कल्पना अशी आली की पाण्यात टायफॉइडचा जंतू शोधत बसण्यापेक्षा विष्ठेत हमखास सापडणारे जिवाणू मोजावेत. ते असतील तर सांडपाणी आलंय, आणि सांडपाण्याबरोबर रोगजंतूही आले असण्याची शक्यता आहे. म्हणजे आपण मोजतो तो जिवाणू बहुतेक वेळा आजार करणारा नसतोच. तो नुसता खबऱ्या असतो. खबऱ्याच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा, यावरच पुढचा सगळा इतिहास उभा आहे.

आता अमेरिकेत जाऊ, कारण जगभर ज्यावरून वाद झाले ते मूळ अभ्यास तिथले आहेत. साल १९४८. उन्हाळ्यात पोलिओच्या भीतीनं पोहण्याच्या जागा बंद करायचा तो काळ. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेनं प्रश्न घेतला: दूषित पाण्यात पोहणारे खरंच जास्त आजारी पडतात का? तीन वर्षं, तीन प्रकारचं पाणी. १९४८ मध्ये शिकागोला मिशिगन सरोवराचे किनारे. १९४९ मध्ये केंटकी राज्यातलं डेटन, म्हणजे ओहायो नदीवर सिनसिनाटीच्या पलीकडच्या काठाचं गाव. १९५० मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड साउंडचं खारं पाणी. ओहायो नदीची निवड आश्चर्याची नाही. तुम्ही अभ्यासक्रमात स्ट्रीटर-फेल्प्स समीकरण घोकलं असेल. १९२५ मधलं ते समीकरणही याच नदीच्या अभ्यासातून आलं. नदीप्रदूषणाच्या विज्ञानात ओहायो म्हणजे आमच्या क्षेत्राची सासर-माहेर दोन्ही!

पद्धत आजही वाचण्यासारखी आहे. घरोघरी कॅलेंडरसारखे तक्ते दिले. कोण कोणत्या दिवशी पोहलं, कोणाला काय झालं, हे कुटुंबानंच रोज भरायचं. इकडे पाण्यातले एकूण कोलिफॉर्म मोजले जात होते. अल्बर्ट स्टीव्हन्सन यांनी १९५३ मध्ये निष्कर्ष छापले. पाणी कसंही असो, पोहणारे न पोहणाऱ्यांपेक्षा जास्त आजारी पडत होते. त्यांच्या आजारांपैकी निम्म्याहून अधिक कान-नाक-घसा-डोळ्यांचे होते.

मग पाण्याच्या दर्जाचा परिणाम? इथे नीट लक्ष द्या. शिकागोत फरक दिसला तो असा. पाणी जास्त दूषित असलेले तीन दिवस घेतले, त्या दिवसांची कोलिफॉर्मची सरासरी १०० मि.लि.मागे २,३००. पाणी स्वच्छ असलेले तीन दिवस घेतले, सरासरी ४३. या दोन गटांत आजारांचा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीनं लक्षणीय निघाला. ओहायो नदीत मध्यक २,७०० होता. तिथे पोहणाऱ्यांत पोटाचे आजार अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. पण ही 'अपेक्षा' अभ्यासातल्या सगळ्या लोकसंख्येवरून काढलेली होती. त्याच नदीच्या एखाद्या स्वच्छ घाटाशी तुलना नव्हती. आणि लाँग आयलंडला काहीच संबंध दिसला नाही.

तुम्ही हा पेपर जर्नल क्लबमध्ये मांडलात तर पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी विचारेल की ते तीन-तीन दिवस कसे निवडले. बरोबर विचारेल. पण त्या काळी कोणाकडे याहून चांगलं काही नव्हतं, हेही लक्षात ठेवा. वीस हजारांहून अधिक माणसांच्या नोंदी गोळा करणं हे काही खाऊचं काम नव्हे.

पुढची पायरी माझी आवडती. साठच्या दशकात 'एकूण कोलिफॉर्म' हा खबऱ्या फार बोलघेवडा आहे असं ठरलं, कारण त्या गटातले काही जिवाणू मातीत आणि पालापाचोळ्यातही असतात. त्याऐवजी ४४.५ अंश सेल्सिअसला वाढणारे 'फीकल कोलिफॉर्म' मोजावेत असं ठरलं. पण आजारांची माहिती तर जुन्या खबऱ्याची! मग ओहायो नदीवर जिथे १९४९ चा अभ्यास झाला होता, त्याच जागी दोन्ही जिवाणू मोजून प्रमाण काढलं. एकूण कोलिफॉर्मपैकी साधारण १८ टक्के फीकल निघाले. १९६८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार समितीनं गणित मांडलं. २,३०० चे १८ टक्के म्हणजे सुमारे ४००. एवढ्याला आजार दिसतो, तर थोडं सुरक्षित राहू, निम्मं करू: २००. झालं. 'पोहण्यासाठी १०० मि.लि.मागे २०० फीकल कोलिफॉर्म' हे मानक असं जन्माला आलं.

पुन्हा वाचा. २,३०० हा आकडा शिकागोच्या सरोवरातला. १८ टक्के हे प्रमाण ओहायो नदीतलं, आणि तेही आजारांच्या नोंदींनंतर पंधरा-एक वर्षांनी मोजलेलं. आणि भागिले दोन हे समितीच्या टेबलावरचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ग्रंथालयात मोठ्यानं हसले होते. हसू दोन दिवसांत ओसरलं, कारण माझ्या सिनॉप्सिसमधला आकडा तर मी एवढंही गणित न करता उचलला होता.

या मानकाचं वाक्य कसं बांधलं होतं तेही पाहा. ३० दिवसांत किमान पाच नमुने, त्यांचा भूमितीय मध्य २०० च्या आत, आणि ४०० च्या वर जाणारे नमुने १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. भूमितीय मध्य का? समजा तुमच्या पाच नमुन्यांत ५०, ८०, १२०, २०० आणि ६,००० असे आकडे आले (हे मी उदाहरणासाठी घेतलेत). साधी सरासरी १,२९०. भूमितीय मध्य सुमारे २२५. तो एकट्या वेड्या नमुन्याला डोक्यावर बसू देत नाही. पण नदीत तो 'वेडा' नमुना बहुधा पहिल्या पावसाच्या दिवशीचा असतो, आणि त्या दिवशी जे पाण्यात उतरले त्यांच्यासाठी तोच खरा असतो. म्हणून ते १० टक्क्यांचं शेपूट. मी असे कितीतरी पेपर वाचले ज्यात मध्य दिलाय आणि शेपूट गायब आहे.

यावर सगळे शांत बसले असं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं १९७२ मध्ये स्पष्ट म्हटलं की साथरोगशास्त्रीय पुरावा इतका तोकडा आहे की पोहण्याच्या पाण्यासाठी आम्ही कोणताही आकडा सुचवू शकत नाही. तज्ज्ञांच्या समितीनं आकडा द्यायला नकार देणं, ही घटना मला त्या १८ टक्क्यांपेक्षाही महत्त्वाची वाटते. पण प्रशासनाला आकडा लागतोच. १९७६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं तोच २०० पुन्हा सुचवला.

ब्रिटनमध्ये गाडी दुसऱ्याच टोकाला गेली होती. तिथल्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा सेवेच्या समितीनं १९५९ मध्ये समुद्रस्नानाबद्दल निष्कर्ष काढला की पाणी बघूनच किळस येईल इतकं घाण नसेल तर गंभीर आजाराचा धोका नगण्य आहे. म्हणजे आकडा नको, डोळे पुरेत. पण त्यांनी 'गंभीर' आजार शोधले होते, पोलिओसारखे. जुलाब-उलटीची दोन दिवसांची दुखणी त्या चाळणीतून खाली पडली. दोन देशांची उत्तरं वेगळी, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे 'आजार' कशाला म्हणायचं तेच वेगळं.

ही व्याख्यांची बाजू सावरली ती व्हिक्टर कॅबेली आणि आल्फ्रेड ड्युफोर यांनी. सत्तरीच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला त्यांनी अभ्यास नव्यानं बांधला. किनाऱ्यावर शनिवार-रविवारी आलेल्या कुटुंबांनाच घ्यायचं, आठवड्यात मध्येच परत पोहलेल्यांना वगळायचं, काही दिवसांनी फोन करून तब्येत विचारायची. तुलना घरी बसलेल्यांशी करायची नाही. त्याच किनाऱ्यावर आलेल्या, पण पाण्यात न उतरलेल्यांशी करायची, म्हणजे उन्हाचा आणि तिथल्या खाण्याचा परिणाम दोघांनाही सारखा. आणि 'पोहला' म्हणजे ज्याचं डोकं पाण्याखाली गेलं तो. गुडघाभर पाण्यात उभा राहिलेला पोहणाऱ्यांत धरायचा नाही. इतकं साधं, पण या एका ओळीनं आकडे बदलतात.

ड्युफोर यांचा गोड्या पाण्याचा अहवाल १९८४ चा. ई. कोलाय आणि एन्टेरोकोकाय वाढले की पोटाचे आजार वाढतात, हे त्यात दिसलं. फीकल कोलिफॉर्मचा मात्र आजारांशी धड मेळच बसला नाही. म्हणजे २०० ज्याच्या नावावर होते, तो खबऱ्याच कुचकामी निघाला. मग १९८६ मध्ये नवं मानक आलं: गोड्या पाण्यात ई. कोलायचा भूमितीय मध्य १०० मि.लि.मागे १२६.

तुम्हाला वाटेल, चला, जुना आकडा गेला. मलाही तसंच वाटलं होतं. पण हा १२६ कसा काढला? जुन्या २०० फीकल कोलिफॉर्मच्या पातळीला आजाराचा दर किती असेल याचा अंदाज केला. तो गोड्या पाण्यात दर हजार पोहणाऱ्यांमागे ८ असा धरला. मग तेवढ्याच दराला ई. कोलाय किती हे नव्या समीकरणातून काढलं. लोक इतकी वर्षं २०० बरोबर राहिलेत, तर तेवढा धोका 'मान्य' आहे, असं गृहीत धरून. म्हणजे १९४८ चे तीन दिवस, १८ टक्के आणि भागिले दोन, हे सगळं १२६ च्या पोटात शिल्लक आहे.

पुढे २०१२ मध्ये हेच मानक सुधारलं तेव्हा १२६ कायम राहिला, पण शेजारचा ८ बदलून ३६ झाला. धोका साडेचारपट वाढला का? नाही. आधीच्या व्याख्येत पोटाच्या त्रासाबरोबर ताप लागायचा, नव्या व्याख्येत तापाची अट काढली. पाणी तेच, माणसं तशीच, फक्त मोजायची चाळणी मोठी झाली. दोन अहवालांतले दर शेजारी ठेवून 'धोका वाढला' असा निष्कर्ष काढायचा मोह झाला, तर हा ८ आणि ३६ आठवा.

आता एक गोष्ट माझ्या नजरेत बरीच उशिरा आली. ड्युफोर यांच्या अभ्यासाच्या दोन जागा कोणत्या? एक पेनसिल्व्हेनियातला ईरी सरोवराचा किनारा, दुसरं ओक्लाहोमातलं कीस्टोन, म्हणजे आर्कान्सा नदीवरच्या धरणाचा जलाशय. वाहती नदी कुठेच नाही. १९४९ च्या ओहायोनंतर नद्या या आकड्यामधून जवळजवळ गायबच झाल्या. आणि नदी सरोवरासारखी वागत नाही. वरच्या गावात झालेला पाऊस, वरच्या नाल्याचं पाणी काही तासांत तुमच्या घाटावर येतं. जिवाणू वाढवून मोजायला मात्र साधारण दिवस लागतो. पॅरिसमध्ये २०२४ च्या ऑलिम्पिकला सेन नदीतली पुरुषांची ट्रायथलॉन शर्यत ३० जुलैवरून ३१ ला ढकलावी लागली, कारण पावसानंतर पाणी बिघडलं होतं. रोज तपासणी होणाऱ्या नदीची ही गत. हातातला अहवाल कायम कालच्या नदीचा असतो.

आणि होडीवाल्यांचं काय? कयाक, रोइंग, मासेमारी करणारे पोहत नाहीत, फक्त भिजतात. याचं उत्तर शोधणारा मोठा अभ्यास परत शिकागोतच झाला, २००७ ते २००९ मध्ये, आणि यावेळी नदीवर. ही तीच शिकागो नदी, जिचा प्रवाह सरोवर वाचवण्यासाठी १९०० मध्ये उलटा फिरवला. अभ्यासाच्या वेळी तिच्यात मुख्यतः सांडपाणी प्रकल्पांतून निर्जंतुक न करता सोडलेलं पाणी वाहत होतं. ११ हजारांहून अधिक माणसांची नोंद झाली. तीन गट: या पाण्यावर होड्या चालवणारे, इतर नेहमीच्या पाण्यावर होड्या चालवणारे, आणि पाण्याजवळ न जाता सायकल चालवणारे-धावणारे. पाण्यावर गेलेल्या दोन्ही गटांत पोटाचे त्रास तिसऱ्यापेक्षा जास्त निघाले, आणि त्या दोघांत फारसा फरक नव्हता. 'होडीत बसलंय, त्याला काय होतंय' हे गृहीतक तिथे पडलं. 'घाण नदी वाईट, बाकी पाणी चांगलं' हेही डळमळलं.

किती पाणी पोटात जातं हे मोजायची युक्ती तर ऐकाच. तरणतलावातलं क्लोरीन टिकावं म्हणून सायन्युरिक आम्ल वापरतात. ते शरीरात न बदलता लघवीतून बाहेर पडतं. ड्युफोर यांनीच लोकांना पाऊण तास पोहायला लावून पुढच्या २४ तासांची लघवी गोळा केली आणि उलट हिशेब केला. २००६ च्या त्या पेपरप्रमाणे मोठ्यांनी सरासरी १६ मि.लि. पाणी गिळलं, मुलांनी ३७. मुलं दुपटीहून जास्त पितात. आपल्याकडे नदीत सगळ्यात जास्त वेळ कोण डुंबतं ते वेगळं सांगायला नको.

मग अडीच हजार? भारतात स्नानाच्या पाण्याचे प्राथमिक निकष २००० साली अधिसूचित झाले. फीकल कोलिफॉर्म ५०० पर्यंत इष्ट, २,५०० ही कमाल मर्यादा. फीकल स्ट्रेप्टोकोकाय १०० आणि ५००. शिवाय विरघळलेला प्राणवायू, बीओडी, पीएच. कारणांच्या रकान्यात सांडपाणी कमी असावं हे आहे, आणि ऋतूनुसार प्रवाह बदलतो म्हणून दोन मर्यादा दिल्यात असंही आहे. दर हजारी किती आजार, असा आकडा तिथे नाही. म्हणजे हे मानक नदी व्यवस्थापनाचं आहे, कुठल्या भागात सांडपाणी आधी रोखायचं ते ठरवायला उपयोगी. २,४०० आला म्हणून पोरांना पाण्यात सोडा, हे ते सांगत नाही. शिवाय एमपीएन पद्धतीनं काढलेल्या २,४०० चा खरा आकडा साधारण त्याच्या एक तृतीयांशापासून तिपटीपर्यंत कुठेही असू शकतो. आणि हवाईसारख्या उष्ण प्रदेशात तर मातीतच हे जिवाणू तग धरून राहतात हे दाखवलं गेलंय. आपल्या काळ्या मातीच्या काठांवर ओहायोचे १८ टक्के चालवायचे कसे?

माझ्या सिनॉप्सिसमधला 'सुरक्षित/असुरक्षित' हा तक्ता आता नाही. त्याजागी तीन रकाने आहेत: पाण्यात काय सापडलं, कोण किती वेळ आणि कसं पाण्यात होतं, आणि दहा दिवसांनी विचारल्यावर त्यांनी काय सांगितलं. दुसऱ्या रकान्यासाठी मी घाटावर फॉर्म घेऊन बसते. त्यात कॅबेलींचा प्रश्न जसाच्या तसा घातला आहे: डोकं पाण्याखाली गेलं का? पहिल्याच दिवशी नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा निथळत समोर उभा होता. प्रश्न ऐकून तो मित्रांकडे वळून हसायलाच लागला.

"ताई, डोकं न बुडवता कोण पोहतं?"